निकाल लागेपर्यंतची वाट

फोपनारहून शाहपूरच्या बाजाराला जाणारी गाडवाट कडू नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या शेतात काट्या टाकून बंद केली. तेव्हा शेजारच्या शेताच्या चुडामणनं कलेक्टर साहेबाकडे अर्ज दिला आणि गाववाल्यांना सांगितलं, "निकाल लागेपर्यंत माझ्या कपाशीतून गाड्या काढा रे भाऊ. दोन महिन्यांची तर बात आहे."

साहेबानं अर्ज तहसीलदारावर सोपवला, तहसीलदारानं कानूनगोवर, कानूनगोनं पटवाऱ्यावर आणि पटवाऱ्यानं कोतवालावर. कोतवालानं जागा पाहिली आणि कागद तसाच एकेक पायरी वर चढू लागला. मध्येच कुणाची बदली झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. जागा पाहायला येणारा प्रत्येक जण चुडामणच्या कपाशीतूनच यायचा, दुसरीकडून वाटच नव्हती.

"हो जाएगा, चुडामणभाऊ," पटवारी दर साली म्हणायचा.

"राहू द्या ना आता तो अर्ज," बायको धुरपदाबाई म्हणायची. "खेटे घालून पाय गेले तुमचे."

"सरकारी काम आहे. वेळ लागतोच."

एकविसाव्या वर्षी हुकूम आला. पटवाऱ्यानं चावडीवर वाचून दाखवला: "कडूच्या शेतातली वाट वापरात नाही, सबब रद्द. अर्जदाराच्या शेतातून लोक वीस वर्षांपासून जात-येत आहेत, सबब तीच वाट कायम."

पटवाऱ्यानं कागद उलटला. मागे अजून एक ओळ होती.



"सदर वाट मोकळी राखण्याची जबाबदारी अर्जदारावर सोपवण्यात येत आहे."