अभय ऑनलाइन आहे

"या लायसन्सवरचं नाव बदलता येत नाही का?" अक्षताने विचारलं. विक्रेत्याचं उत्तर लगेच आलं. "नाही. चालणार असेल तरच घ्या."

घरांचे नकाशे काढायचं ते सॉफ्टवेअर कंपनीकडून घ्यायचं तर तिची दोन महिन्यांची कमाई गेली असती. या वेबसाइटवर त्याची लायसन्स की जवळजवळ फुकट मिळत होती. वर पुन्हा प्रश्न, "रोज वापरणार ना? अधूनमधून वापरणाऱ्यांना मी देत नाही." गिऱ्हाइकाचीच परीक्षा घ्यायची पुणेरी खोड ऑनलाइनही सुटत नाही, म्हणून तिला हसू आलं.

की टाकल्यावर सॉफ्टवेअर उघडलं. कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला आणि शेजारी नाव आलं, अभय वाघमारे.

"स्वस्तात घेतलंस ना? मग भूत फुकट," पूर्णिमा म्हणाली. कोथरूडच्या त्या एका खोलीच्या ऑफिसचं भाडं दोघी मिळून भरत. "आता मूळ मालकाने पासवर्ड बदलला की बस बोंबलत."

मालकाने काहीच बदललं नाही. दोन-तीन दिवसांनी दुपारी मात्र त्या सॉफ्टवेअरमध्येच मेसेजची एक चौकट उघडली. पाठवणाऱ्याचं नाव होतं 'आई'. खाली लिहिलं होतं, "जेवलास का?"

अक्षता दचकली. उत्तर दिलं नाही तर ही बाई मुलाला फोन करणार, तो अकाउंट बंद करणार आणि हातातल्या कामाचे सगळे नकाशे त्यातच अडकणार. तिने घाईघाईने टाइप केलं, "जेवलो."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "बरं."

मग ते रोजचंच झालं. भाजी कसली होती, खोकला कमी झाला का. आधी अक्षता काहीतरी ठोकून द्यायची. हळूहळू खरं सांगू लागली, स्वतःची भाजी आणि स्वतःचा खोकला. दुपार झाली की ती त्या चौकटीची वाट बघायची.

एकदा तिने अभयच्या जुन्या फाइल्स चाळल्या. 'आमचं घर' नावाचा एक नकाशा होता, खाली विश्रांतवाडीचा पत्ता. हा आहे तरी कोण, म्हणून तिने नेटवर नाव शोधलं. पहिलाच फोटो त्याच्या कॉलेजच्या ग्रुपवरचा होता. खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. त्याला जाऊन वर्ष उलटलं होतं.

मुलगा ऑनलाइन दिसतो म्हणून एक आई रोज लिहीत होती, आणि आपण तिला रोज फसवत होतो.

"गप्प राहा," पूर्णिमा म्हणाली. "की बंद झाली तर सगळं काम बुडेल."

"बुडू दे," अक्षता म्हणाली आणि स्कूटर काढून विश्रांतवाडीला निघाली.

दार अभयच्या आईने, शालनताईंनी उघडलं. अभयचं नाव ऐकून त्यांनी तिला आत बसवलं. भिंतीवर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्याखाली अभयचा फोटो होता. त्याला ताजा हार घातलेला होता.

म्हणजे तो गेलाय हे यांना ठाऊक होतं. मग त्या लिहीत कोणाला होत्या? अक्षताच्या अंगावर काटा आला. वाटेत जुळवलेली वाक्यं ती विसरून गेली.

"काकू, अभयच्या नावाने मी उत्तरं देत होते," ती कशीबशी म्हणाली. "ती की मी स्वस्तात घेतली. विकणाऱ्याने कुठून तरी चोरली असणार. मी आजच सगळं बंद करते. तुम्ही तक्रार करा, माझी आणि त्याचीही." तिला रडू आवरेना.

शालनताईंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि शेजारी बसल्या.

"चोरली कशाला म्हणतेस, बाळा? मीच विकली ती. आधी ज्यांनी ज्यांनी घेतली, ते माझा मेसेज गेला की घाबरून पैसे परत मागायचे. उत्तर देणारी तू पहिलीच."