धुराची चाचणी

तो इमारतींमध्ये फायर अलार्म बसवायचा. जोडणी झाली की मुद्दाम धूर सोडायचा. अलार्म बोंबलला, तरच काम पुरं. बायकोच्या नैराश्याबद्दल डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या भागांचं आपसातलं बोलणं मंदावलंय. चव जिभेला कळते, पण आवडली की नावडली, हा निरोप पुढे पोचत नाही. औषधांना वेळ द्या." ही भाषा त्याला समजली. दुसऱ्या दिवसापासून तो मुद्दाम बिनसाखरेचा चहा करू लागला. एरवी अर्धा चमचा कमी पडला तर घर डोक्यावर घेणारी ती, निमूटपणे कप रिकामा करायची. तोही समोर बसून तसलाच प्यायचा. आज पहिल्याच घोटाला तिने नाक मुरडलं. "अहो, साखर कुठाय? लक्ष कुठे असतं तुमचं?" "चुकलंच," म्हणत त्याने डबा आणला. तिच्या कपात साखर घालून ढवळली. मग स्वतःच्याही कपात दोन चमचे घातले.