खडबडीत फरशी

तो बाथरूमच्या फरशीवर ओणवा होऊन टूथब्रशने घासत होता. टूथब्रश मेहुण्याचा होता. मेहुण्याला हे माहीत नव्हतं, आणि सांगायची यालाही घाई नव्हती.

कारण आग लावली ती मेहुण्यानेच. सकाळी मुक्कामाला आला, बॅग ठेवायच्या आधी बाथरूममध्ये डोकावला आणि म्हणाला, "दाजी, पीठ सांडलंय का हो इथे?"

पीठ नव्हतं. टाईल्सच्या सांध्यांत भरतात ते ग्राऊट होतं. टाईल्स गवंड्याने बसवल्या, पण सांधे याने स्वतः भरले. त्यात काय आहे एवढं, म्हणून. ग्राऊट भरलं की वर सांडलेलं ओल्या स्पंजने लगेच पुसायचं असतं. याने भरलं, मग चारी कोपऱ्यांतून फोटो काढले, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले आणि आलेल्या प्रत्येक अंगठ्याला हात जोडले. तोवर ग्राऊट वाळलं. खडबडीत टाईल्सच्या खाचाखाचांत ते पांढरंफटक जाऊन बसलं, मेहुणा सोफ्यात बसतो तसं. उठायचं नाव नाही.

टाईल्स खडबडीत होत्या बाबांसाठी. जुन्या फरशीवर ते घसरून पडले, तेव्हापासून मुलगा त्यांना अंघोळ घालत होता. दंड धरून. बाबा तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचे. जन्मभर कुणासमोर शर्टाचं वरचं बटण न उघडलेला माणूस. नव्या बाथरूममध्ये त्यांना एकच गोष्ट हवी होती : आतून लावता येईल अशी कडी. ती बसली होती. पितळेची.

काल त्यांनी आत जाऊन अनवाणी पाय फरशीवर फिरवून पाहिला होता. "झकास! उद्यापासून माझा मी."

आज सकाळपासून ते टॉवेल मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते.

"अरे, राहू दे ते पांढरं," त्यांनी तिथूनच हाक दिली. "पायाला बरं लागतं."

बाबा भिडस्त. मनातलं बोलतात थोडेच! मुलाने असं ठरवलं, कारण ते सोयीचं होतं.

व्हिनेगर झालं. पांढरं ढिम्म. तारेचा ब्रश झाला. अ‍ॅसिड झालं, त्याने सगळं घर खोकलं, डाग तेवढे ठणठणीत.

"दाजी, गवंड्याला बोलवा," मेहुणा दारात चहा पीत म्हणाला.

"तुझ्या घरी बोलव."

"अहो, बास करा आता!" बायको ओरडली. "अंघोळीची जागा ती. तिथे काय पाहुणे बसणार आहेत?"

"तुझा भाऊ उभा आहेच की सकाळपासून."

आता माघार घेणं शक्य नव्हतं. मेहुण्यादेखत तर नाहीच. त्याने शेजाऱ्याकडून फरशी घासायचं मशीन आणलं, तोंडाला फडकं बांधलं आणि भिडला. घर्रर्र. धूळ. पुन्हा घर्रर्र. बायकोने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. धूळ खाली बसली तेव्हा दुपार कलली होती.

आणि डाग नव्हता.

एकही.

फरशीत दिवा दिसत होता. वाकून पाहिलं तर स्वतःचा चेहराही. तो त्याला बराच आवडला. फोटो काढला. ग्रुपवर अंगठे पडायला लागले.

"मानलं दाजी!" मेहुण्यालाही म्हणावं लागलं. "आरसा केलात आरसा!"

मेहुण्याच्या तोंडून असं ऐकल्यावर माणसाला आयुष्यात आणखी काय हवं असतं? पण एकाची अंघोळ राहिली होती. ते टॉवेल खांद्यावर टाकून दारात येऊन उभे होते.

"या बाबा! बघा, कशी झालीय!"

बाबांनी बघितलं. मग काठी पुढे टेकली. काठी सर्रकन सटकली ती थेट समोरच्या भिंतीला जाऊन आदळली.

मेहुण्याने कप खाली ठेवला.

बाबांनी त्या पितळी कडीवरून एकदा बोट फिरवलं.

"छान चकाकतेय," ते म्हणाले. डोळे मिटून घेतले, आणि दंड पुढे केला.