धर्मासाठी निघालेली जहाजं

मुलाकडे सिंगापुरात वुडलँड्सला आल्यापासून दिवसभर भिंतींशीच बोलणाऱ्या कुमुदताईंच्या कीर्तनाला आज हॉल भरला होता. मंडळाच्या सचिवांनी बजावलं होतं, "काकू, चोळ राजा धर्मासाठी समुद्र ओलांडून इथवर आला, एवढंच रंगवा. मग दरमहा कीर्तन तुमचंच." ताईंनी जहाजं लोटली, टाळ्या कडाडल्या. पण नारदांच्या गादीवरून अर्धं सांगणं त्यांना जमेना. "बाबांनो, इथल्या ज्या राजांचं बंदर लुटलं, त्यांनीच चोळ देशात बांधलेल्या बौद्ध विहाराला याच चोळ राजाने गाव कायमचं इनाम दिलं होतं. मग जहाजं धर्मासाठी निघाली की सत्तेसाठी?" सचिवांनी घाईघाईने आरती उरकली. एरवी आरतीनंतर कीर्तनकाराच्या पाया पडायला झुंबड उडते. आज थेट जेवणाची रांग लागली. ताई हात जोडून उभ्याच राहिल्या. पेटीवाला हळूच म्हणाला, "काकू, आता कुणी यायचं नाही." "सूर धरा," त्या म्हणाल्या, "गजर राहिलाय."