टाकीची गल्ली

तिसऱ्या फेरीला तिच्या डाव्या बुटाचा तळ सुटला आणि पावलागणिक टाळ्या वाजवू लागला. ती मैदानाच्या कठड्यावर बसली. एवढंच व्हायचं राहिलं होतं.

मागून पळत येणारा माणूस थांबला. त्याने खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, जखमेवर लावतात तसलं. बुटाला दोन घट्ट वेढे दिले आणि पट्टी दाताने तोडली.

"हे खिशात घेऊन फिरता, भाऊ?"

"गाडीवर असतो. लागतं कामाला. चला ताई, मी मागे आहे."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. सरावाच्या पहिल्या दिवसापासून तो तिच्या मागेच पळत होता. धाप तिला लागायची, त्याला नाही, तरी पठ्ठ्या कधी पुढे गेला नाही. मैदानावरच्या पोरींनी त्याचं नाव 'शेपूट' ठेवलं होतं. शाळेची बस चालवत असावा, असा तिचा अंदाज. पोरं गुडघे फोडून घेतात, पट्टी लागतच असणार. तिने कधी खोदून विचारलं नाही. आपल्यामागे कुणीतरी आहे, म्हणजे आपण शेवटचे नाही, एवढ्या आधारावर माणूस बरंच अंतर कापतो.

एकदा तिलाच यायला उशीर झाला. तो फाटकापाशी येरझारा घालत होता.

"तुम्हाला बरा कधी उशीर होत नाही?" ती म्हणाली.

"झाला होता एकदा. मग ती सवयच मोडली." तो बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी बांधलेलीच होती.

शर्यत होती सरकारी दवाखान्यासाठी. अख्ख्या शहराला एकच रुग्णवाहिका. दुसरी घ्यायची म्हणून ही अर्धी मॅरेथॉन. जो शेवटपर्यंत पळेल त्याच्या नावाने देणगी मिळणार. जो मध्येच बसला, त्याचं पळणं पाण्यात.

तिचं वय काही पळायचं नव्हतं. लाँड्रीत दिवसभर वाफेच्या इस्त्रीपुढे उभं राहून पाय सुजायचे. त्यात संकटं कधी एकटी येतात? मालकाने एका बाईला कमी केलं, तिच्या वाटच्या चादरी हिच्या गळ्यात आल्या. घरी मोरीचा पाइप फुटला. तो जोडून होतो न होतो तोच मुलगी तापाने फणफणली आणि सराव बुडाला.

"आई, अशाने कासव तुला टाटा करून पुढे जाईल," मुलगी अंथरुणातून म्हणाली. मग हळूच, "बाबांसाठी पळतेस ना?"

"झोप आता."

बाबांसाठी, हे अर्धंच खरं होतं. नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा रुग्णवाहिका आली, पण फार उशिरा. सगळ्या नातेवाइकांनी गाडीवाल्याला शिव्या घातल्या. तिने घालू दिल्या. खरं काय ते फक्त तिला आणि त्या गाडीवाल्याला ठाऊक होतं. त्याने फोनवर विचारलं होतं, "टाकीजवळची गल्ली, की टाकीमागची?" लोक दोन्हींना टाकीची गल्लीच म्हणायचे. आणि ती किंचाळली होती, "टाकीची हो, टाकीची! लवकर या!" आणि फोन ठेवून दिला होता.

गाडी टाकीजवळच्या गल्लीत दारं ठोठावत फिरली. घर टाकीमागे होतं. गाडी पोचली तेव्हा तिचं डोकं नवऱ्याच्या छातीवर होतं. कोण आलं, कोण गेलं, तिने पाहिलंच नाही. तो फोनवरचा आवाजही आता आठवत नव्हता, त्याच्यामागे वाजणारा भोंगा तेवढा आठवायचा. एका शब्दाने तिने माणूस गमावला होता, आणि हे ती मुलीलाही सांगू शकली नव्हती. एकदा तरी कुठेतरी शेवटपर्यंत पोचायचं, एवढीच तिची इच्छा होती.

शर्यत तोंडावर आली तेव्हा तो म्हणाला, "ताई, त्या दिवशी माझी ड्यूटी आहे. पळायला नसेन."

तिचा चेहरा पडला. "म्हणजे शेवटची मीच."

"मी मागे आहे की."

"थट्टा करता का गरिबाची?"

तो हसला नाही.

शर्यतीत व्हायचं तेच झालं. निम्म्या वाटेवरच ती शेवटची उरली. तिच्यामागे फक्त रुग्णवाहिका, दमलेल्यांना उचलायला ठेवलेली, भोंगा बंद करून गोगलगायीच्या चालीने येत होती. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. त्या पांढऱ्या गाडीची तिने धास्तीच घेतली होती. आता बसा म्हणतील, मग म्हणतील, असं वाटून ती तशीच पाय ओढत राहिली. बुटावरची चिकटपट्टी सुटली आणि तळ पुन्हा टाळ्या वाजवू लागला.

पाण्याची टाकी आली. इथे रस्त्याला दोन फाटे फुटत होते. वाट दाखवणारी पोरं कंटाळून कधीच घरी गेली होती, बाणाची पाटी उताणी पडली होती. मार्ग तिला तोंडपाठ होता, पण आता डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि डोकं चालत नव्हतं. टाकीजवळून की टाकीमागून? विचारायला चिटपाखरू नव्हतं. ती क्षणभर घुटमळली आणि टाकीजवळच्या गल्लीत वळली.

मागच्या गाडीचा स्पीकर खरखरला. मग आवाज आला, रोजचा, ओळखीचा.

"टाकीजवळची नाही ताई, टाकीमागची. आता पत्ता चुकायचा नाही. चला, मी मागे आहे."