न जळणारा माणूस

तीनदा विद्युतदाहिनी चालवूनही हेमांगीच्या वडिलांचा देह जसाच्या तसा होता. दाहिनीवरचे भालेराव चाचरत म्हणाले, "ताई, कॉमिकमधला अंगारासुर तो हाच ना? गावं जाळणारा?"

"लष्करात स्वयंपाकी होते," हेमांगी म्हणाली. "न जळणारा जवान घडवायचा प्रयोग त्यांच्यावर झाला. पुढे ते आगीत शिरून माणसं बाहेर काढायचे. कॉमिकवाल्यांना ज्वाळांतून येणारा माणूस दिसला, आणि त्यांनी आगच त्याच्या नावावर लावली."

भालेराव ओशाळले. "आणखी तापवून बघू?"

"नको. कातडी जळायची नाही त्यांची, पण चटका दरवेळी बसायचा. नंतर तासन्‌तास हौदात बसून कण्हायचे."

भालेरावांनी दाहिनी बंद केली.

"पुरू या त्यांना," ती म्हणाली. "ओली माती असेल तिथे."