हलणारा बाक

"मॅडम, मागून बाक हलतोय," पुढची मुलगी म्हणाली. उत्तराचा गोल काळा करताना तिची पेन्सिल रेघेबाहेर गेली होती.

पर्यवेक्षिका आल्या. मागच्या बाकावर शिवणबाई बसल्या होत्या. चपला काढून ठेवलेले त्यांचे पाय फरशीवर मागेपुढे, मागेपुढे चालले होते, आणि त्यांचा त्यांनाच पत्ता नव्हता. परीक्षेच्या त्या हॉलमध्ये पुढच्याची बैठक आणि मागच्याचं टेबल एकाच लोखंडी सांगाड्यात. मागच्यानं पाय हलवला की पुढच्याला भूकंप.

"पाय जरा आवरा, बाई."

शिवणबाई ओशाळल्या. त्यांनी पाय आवरले. पाय थांबले, तशी समोरची इंग्रजीही थांबली.

ती इंग्रजी शिवणबाई रुग्णालयाच्या फाटक्या चादरी शिवता शिवता शिकल्या होत्या. वाक्यात एक जागा गाळलेली, खाली चार क्रियापदं. कर्ता एक की अनेक ते ओळखून त्यातलं एक बसवायचं. लेक वाक्य वाचायची, आणि त्या पायानं शिलाई मशीन चालवत एकेक क्रियापद लावून बघायच्या. चुकीचं असलं की दोरा गुंतल्यासारखा पाय अडायचा. बरोबर लागलं की टीप सरळ धावायची. तिथे मशीन नसणार आहे, आई, असं लेकीनं बजावलंही होतं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

आता 'ईच ऑफ द नर्सेस'च्या पुढे काय, काही केल्या सुचेना. चारही पर्याय एकाच रंगाच्या रिळांसारखे दिसत होते. रोजंदारी सुटून कायम व्हायचं तर हा पेपर निघायला हवा होता. पुढच्या खेपेला वय आड येणार होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

बरं वाटत नाही का, पर्यवेक्षिकांनी वाकून विचारलं. पाय चालल्याशिवाय उत्तर सुचत नाही, हे खरं ते शिवणबाईंनी खालमानेनं सांगून टाकलं. पर्यवेक्षिका हसल्या नाहीत. पण हॉल गच्च भरलेला, सुटं टेबल एकही नाही, आणि दुसऱ्याला त्रास होऊ देणं नियमात बसत नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांचाच आवाज बारीक झाला.

पलीकडच्या रांगेतला हात वर झाला. तो एक बस कंडक्टर होता. गुडघे बोलायला लागले म्हणून बसून करायची नोकरी शोधायला आलेला. या पोरीला माझ्या जागेवर पाठवा, मी तिथे बसतो, असं त्याचं म्हणणं.

"अहो, तो बाक हलतो."

"हलू दे की, मॅडम. सगळा जन्म धावत्या गाडीत तिकिटं फाडली. इथे बसल्यापासून नुसता हात आखडलाय."

दोन-चार जण फिसकन हसले. पर्यवेक्षिकांनी डोळे वटारले, एकदा दाराकडे पाहिलं, आणि दोन्ही टेबलांवरचे खडूचे नंबर तळव्यानं पुसून नव्यानं लिहिले.

मुलगी उठली. जाता जाता तिनं शिवणबाईंची पेन्सिल उचलून त्यांच्या हातात दिली. "सॉरी हं, मावशी," ती पुटपुटली.

पाय पुन्हा चालू लागले. आधी चोरून, मग लयीत. पुढे कंडक्टरचे खांदे त्याच लयीत डुलत होते आणि त्याचा हात बिनघोर गोल काळे करत होता. शिवणबाईंचं नर्सांचं वाक्य सुटलं. त्याच्या पुढचंही सुटलं.

मग एक लांबलचक वाक्य आलं. कर्ता या टोकाला, क्रियापद त्या टोकाला, मध्ये शब्दांची ही गर्दी. पाय अडले. बाक स्थिर झाला.

कंडक्टरनं जरा वाट पाहिली. मग मागे वळून न बघता त्यानं पेन्सिलीचं टोक बाकाच्या लोखंडावर दोनदा वाजवलं, गाडी सोडायची असली की घंटा वाजवतात तसं.